हप्ता रविवारी, चेक सोमवारी : बँकेने कापलेल्या पैशांचं काय करायचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. यांचा छोटा हत्ती आहे, मार्केट यार्डातून हळद-बेदाण्याची भाडी करतात. मी घरी ब्लाउज शिवते. एका खाजगी बँकेत दोघांचं मिळून एकच बचत खातं आहे, आणि त्याच खात्याचं यूपीआय दोघांच्या मोबाइलवर आहे. टेम्पोचा ९,८५० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. एप्रिलमध्ये ५ तारखेला रविवार होता. खात्यात ८,१२० होते, पण आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी साडेचारला, यांनी आडत्याचा १२,००० चा चेक बँकेच्या पेटीत टाकला होता. तरी हप्ता बाउन्स झाला आणि ५९० कापले. ८ तारखेला फायनान्सवाल्यांनी परत हप्ता टाकला, तोही बाउन्स, परत ५९०. कारण ७ तारखेला मी मुलाच्या क्लासची ५,५०० फी भरली आणि त्याच दिवशी यांनी ६,२०० चा टायर घेतला. दोघांनीही खात्यात १९,५३० बघूनच पैसे दिले होते. शेवटी माझ्या भावाकडून उसने घेऊन हप्ता भरला. फायनान्स कंपनीने दोन्ही वेळचे मिळून १,००० वेगळे लावले. पुढे बँकेने एटीएम कार्डाचे २३६ आणि एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे कापले. मेच्या पहिल्या आठवड्यात किमान शिल्लक नाही म्हणून ३५४ गेले. तेव्हा खात्यात १८० च होते, आता उणे १७४ दाखवतं. मॅनेजर म्हणतात, सिस्टिमने कापलंय, आमच्या हातात नाही, पाहिजे तर ठेवीवर ओडी (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून गरजेपुरती उचल) करून घ्या. आमची तिथेच ४०,००० ची ठेव आहे. हे म्हणतात बँक लुटते, ठेव मोडू आणि खातं बंद करू. मला वाटतं हे काही सांगत नाहीत म्हणून हे सगळं झालं. आमच्यात धड बोलणं नाही. बँकेशी भांडावं का? आणि खात्यावर लक्ष तरी कसं ठेवायचं?

उत्तर

ताई, तुम्ही प्रत्येक रक्कम आणि तारीख लिहून पाठवलीत. बँकेशी बोलताना हीच गोष्ट सर्वांत जास्त उपयोगी पडणार आहे. बँकेच्या पाच कपातींची बेरीज १,७८७ रुपये ७० पैसे होते. ब्लाउज शिवून तेवढे जमवायला किती बसावं लागतं हे तुम्हीच जाणता, म्हणून ही रक्कम लहान आहे असं मी म्हणणार नाही. पण ती सगळी परत मिळणार नाही, हेही आधीच सांगते. काही कपात नियमाला धरून आहे. एक मात्र धरून नाही, आणि ती तुम्ही मागून घ्यायचीच.

पहिल्या ५९० पासून बघू. रविवारी बँक बंद, मग हप्ता कसा गेला, हा प्रश्न अजून पुष्कळांना पडतो. पूर्वी सुट्टीच्या दिवशी आलेला हप्ता पुढच्या कामकाजाच्या दिवशी जायचा. १ ऑगस्ट २०२१ पासून हे बदललं. ज्या यंत्रणेतून हप्ते, विम्याचे पैसे, अनुदानं जातात-येतात ती नाच नावाची यंत्रणा तेव्हापासून रविवारी आणि सणावारीही चालू असते. चेकचं तसं नाही. चेक वटायला कामकाजाचा दिवसच लागतो. म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जायची वाट रविवारी उघडी होती आणि पैसे यायची बंद. रविवारी खात्यात ८,१२० होते आणि हवे होते ९,८५०. कमी पडले १,७३०. ही कपात बँकेच्या दरपत्रकात असणार आणि ५०० वर १८ टक्के जीएसटी धरून ५९० चा हिशेबही बरोबर बसतो.

इथे एक बारकावा मात्र तपासा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटण्याची पद्धत बदलली आहे. आता चेक दिवसभर एकामागून एक पुढे जातात आणि दुपारी चारपर्यंत पुढे गेलेला चेक त्याच दिवशी वटतो. यांनी चेक साडेचारला पेटीत टाकला, म्हणून तो सोमवारवर गेला, यात बँकेची चूक दिसत नाही. पण स्लिपच्या तुकड्यावर शनिवार सकाळचा शिक्का असेल, म्हणजे तो काउंटरवर वेळेत दिला असेल, तर प्रकरण वेगळं. मग चेक वेळेत का पाठवला नाही हे बँकेने सांगायला हवं, आणि ५९० परत मागायला तुमच्या हातात मुद्दा आहे. तेव्हा ती स्लिप शोधा. पुढे कधीही चेक टाकायचा तर पेटीवर लिहिलेली वेळ वाचून टाका, आणि हप्ता तोंडावर आला असेल तर पेटी नकोच, काउंटरवर देऊन शिक्का घ्या.

दुसऱ्या ५९० ला बँक जबाबदार नाही. हप्ता परत टाकायचं फायनान्स कंपनीने ठरवलं. म्हणून त्याबद्दल विचारायचं ते तिथे. कर्जाचा पूर्ण खातेउतारा मागा आणि लावलेले १,००० कोणत्या नावाने लावलेत ते पाहा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँका आणि फायनान्स कंपन्या दोघांनाही सांगितलं की, हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळायचा नाही, तो वेगळा आकार म्हणून दाखवायचा, तो वाजवी असला पाहिजे आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्यांना त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत लागू झाला. उताऱ्यात दंडावर व्याज दिसलं तर ते काढून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. तसं काही नसेल, तर ८ तारखेला परत टाकण्याआधी आम्हाला कळवलं नाही, म्हणून दुसऱ्या वेळचा आकार माफ करा, अशी विनंती करा. ही विनंती आहे, हक्क नाही. पण आतापर्यंतचे हप्ते नियमित असतील तर अशा विनंत्या मान्य होतात.

कार्डाचे २३६ दरपत्रकात असतात, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. फक्त एक विचारते : एकाच खात्यावर दोघांची दोन कार्डं आहेत का? असली आणि एक पडूनच असेल, तर ते लेखी अर्ज देऊन बंद करा. नाहीतर दोन्हीचे पैसे दर वर्षी जातील.

आता ३५४. माझ्या मते तुमचं खरं भांडण हे आहे.

किमान शिल्लक नसल्याबद्दल दंड घेता येतो, पण कसा घ्यायचा याचे रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिले आहेत. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने ते आले आणि १ एप्रिल २०१५ पासून व्यापारी बँकांना लागू झाले. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं. कळवल्यापासून निदान एक महिना मुदत द्यायची. त्या मुदतीत भर पडली नाही तरच दंड, आणि तोही जेवढे पैसे कमी पडले त्या प्रमाणात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, केवळ या दंडामुळे बचत खातं उणे जाता कामा नये. तुमच्या खात्यात १८० होते, दंड ३५४ चा आणि खातं उणे १७४. शेवटचा नियम इथे सरळ मोडला आहे. त्याला दुसरी बाजू नाही.

सूचना आली होती की नाही, हे मात्र अर्ज लिहिण्याआधी नीट बघा. जोडखात्यात बँकेकडे बहुधा एकाचाच नंबर पहिला नोंदलेला असतो, आणि टेम्पोवर असणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर दिवसाला इतके मेसेज येतात की बँकेचा कुठे गेला ते कळत नाही. यांच्या फोनमध्ये बँकेच्या नावाने आलेले एप्रिलचे सगळे मेसेज दोघांनी बसून चाळा. सूचना सापडलीच, तर तिची तारीख आणि दंडाची तारीख यांत महिना गेलाय का ते मोजा. सापडली नाही, तर तुमची बाजू आणखी पक्की. बँक एसएमएसचे पैसे घेते आणि शिल्लक कमी झाल्याचा एसएमएस मात्र पाठवत नाही, हेही अर्जात लिहायला हरकत नाही.

अर्ज मराठीत लिहा. परिपत्रकाचा नंबर घालायची गरज नाही; रिझर्व्ह बँकेने जुनी परिपत्रकं एकत्र करून नव्या निर्देशांत बसवली आहेत, आणि जुना नंबर घातला की काउंटरवरचा माणूस त्यावरच वाद घालत बसतो. नियम शब्दांत लिहा. असा :

«माझ्या अमुक क्रमांकाच्या बचत खात्यातून अमुक तारखेला किमान शिल्लक नसल्याबद्दल ३५४ रुपये वजा करण्यात आले. शिल्लक कमी असल्याची सूचना मला त्याआधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने मिळालेली नाही. या कपातीमुळे खाते उणे १७४ रुपये झाले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सूचनेनंतर किमान एक महिन्याची मुदत मिळायला हवी होती आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये. तरी जीएसटीसह पूर्ण रक्कम खात्यात परत जमा करावी. ते शक्य नसल्यास सूचना कोणत्या तारखेला व कोणत्या क्रमांकावर पाठवली आणि दंडाची आकारणी कशी केली, हे लेखी कळवावे.»

शेवटचं वाक्य गाळू नका. परत देता येत नाही एवढं तोंडी सांगणं सोपं असतं, सूचनेची तारीख लिहून देणं अवघड असतं. आणि जीएसटीचा उल्लेखही राहू द्या. ३०० परत येतात आणि ५४ तसेच राहतात, असं घडतं.

मॅनेजरसाहेबांच्या बोलण्याबद्दल. सिस्टिमने कापलं हे खरं आहे. पण सिस्टिममध्ये दर आणि अटी भरणारी बँकच आहे, आणि कापलेली रक्कम परत जमा करायची सोयही त्याच सिस्टिममध्ये आहे. शाखेला परस्पर ते करता येत नसेल तर वरच्या कार्यालयाकडे पाठवता येतं. मी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून काम केलं आहे. तोंडी आलेली तक्रार दुपारच्या गर्दीत विसरली जाते, शिक्का मारून घेतलेल्या अर्जाचं उत्तर मात्र कुणाला तरी द्यावंच लागतं. म्हणून दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा किंवा ग्राहक सेवेच्या नंबरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. आवाज चढवू नका. समोरच्या मुलीने ते पैसे कापलेले नाहीत.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, वकील लागत नाही, फीही नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार भरता येते आणि १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा तिथे लागतो, त्यासाठीच तो शिक्का. उत्तर आल्यावर फार दिवस काढू नका, लगेच भरा. सांगलीत घरोघरी पतसंस्थेची पिग्मी असते, म्हणून एक सांगून ठेवते : पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. तिथल्या तक्रारीला हा लोकपाल नाही, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागतं. बँकेतल्या ठेवीला असतो तो ५ लाखांपर्यंतचा विमाही पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो.

एक काम मात्र आजच करा. खातं उणे असलं तरी त्यात निदान साडेसहाशे रुपये भरा. तुम्ही दोघांनी प्रधानमंत्र्यांच्या नावाने चालणारे ते दोन विमे घेतले असतील, तर जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये प्रत्येकी मेच्या शेवटच्या आठवड्यात आपोआप कापले जातात. दोघांचेही याच खात्यातून जात असतील तर ९१२ लागतील, आणि वर ते उणे १७४ आहेतच, म्हणजे अकराशे भरा. त्या वेळी खातं रिकामं राहिलं तर १ जूनपासून विमा नाही. टेम्पोवर असणाऱ्या माणसाचा तो विमा ३५४ रुपयांच्या भांडणापायी बुडू देऊ नका. भरलेल्यातले १७४ बँक वळते करून घेईल, घेऊ दे. अर्ज पूर्ण ३५४ चाच आहे.

आता तुमच्या दोघांबद्दल. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला टायरची आणि फीची वाटली. ७ तारखेला खात्यात १९,५३० होते. तुम्ही ते बघितले आणि ५,५०० दिले, यांनी ते बघितले आणि ६,२०० दिले. तुमच्यापैकी एकानेच खर्च केला असता तर हप्ता निघाला असता. फी भरून १४,०३० उरले असते, टायर घेऊन १३,३३०. दोन्ही खर्च गरजेचे होते. टायर गुळगुळीत झालेला असताना माल भरून पाठवायला सांगण्यासारखं तुमचं मन नाही, आणि मुलाची फी थांबवावी असं त्यांनाही वाटलं नसतं. हे सांगत नाहीत असं तुम्ही म्हणता. त्या दिवशी फीचं तुम्हीही सांगितलं नव्हतं. यात मला दोष कुणाचा दिसत नाही. थकलेले ९,८५० त्या १९,५३० मधून कुणीच मनातल्या मनात वजा केले नव्हते, एवढंच दिसतं. ॲप तो आकडा वजा करून दाखवत नाही. या क्षणी खात्यात काय आहे तेवढंच ॲपला माहीत असतं. तीन दिवसांनी काय जाणार आहे, कुठला चेक दिला आहे, कुठली फी तोंडी कबूल केली आहे, हे फक्त तुम्हा दोघांना माहीत असतं. आणि ते दोन डोक्यांत अर्धं-अर्धं असेल तर कुणालाच माहीत नसतं.

म्हणून वही घाला. शंभर पानी साधी वही, आणि ती घरात दोघांच्या हाताला लागेल अशा जागी. मार्केट यार्डात इतक्या पेढ्या बघता, लाखोंचे सौदे करणारा आडत्यासुद्धा संध्याकाळी रोजकीर्द पुरी केल्याशिवाय उठत नाही. तुम्हाला तेवढं सगळं नको. दर महिन्याच्या पानावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, या महिन्यात आपोआप किंवा नक्की जाणारे पैसे तारखेसह लिहा : ५ तारखेचा हप्ता, लाइटबिल, क्लासची फी, गॅस, मोबाइल, मेमध्ये विमा, आणि ज्या महिन्यात कार्डाचे पैसे जातात त्या महिन्यात तेही. त्याखाली तारीख, आले, गेले आणि मोकळी बाकी. मोकळी बाकी म्हणजे खात्यातल्या आकड्यातून वरच्या यादीतले अजून न गेलेले पैसे वजा करून उरतील ते. ७ एप्रिलला ती ९,६८० होती, १९,५३० नव्हे. तुम्ही फी दिली असती तर ४,१८० उरले असते आणि टायरवाल्याला आठ दिवस थांबायला सांगता आलं असतं. चेक टाकला असेल तर तो आले या रकान्यात पेन्सिलीने लिहा, आणि जमा झाल्याचा मेसेज आला की पेनने गिरवा. पेन्सिलीतला आकडा बाकीत धरायचा नाही.

यांना वही लिहायला लावू नका, दमून आलेल्या माणसाला ते जमणार नाही आणि चार दिवसांत वही बंद पडेल. त्यांनी एवढंच करायचं : ५०० च्या वर कुठेही पैसे द्यायचे झाले तर देण्याआधी तुम्हाला एक फोन. तुम्हीही तसंच. चहा, पंक्चर, टोलनाक्यावरचं पाणी, असल्या किरकोळ खर्चासाठी त्यांच्या मोबाइलवर यूपीआय लाइट सुरू करून द्या. त्यात एका वेळी ५,००० पर्यंत ठेवता येतात, आणि मग खात्याच्या उताऱ्यात वीस-तीस रुपयांच्या ओळींची गर्दी होत नाही, हप्त्याची आणि दंडाची ओळ चटकन दिसते. महिन्यातून एकदा पासबुकावर एंट्री मारून घ्या आणि वहीशी ताडून बघा. जी ओळ कळली नाही तिच्याखाली रेघ मारून त्याच आठवड्यात बँकेत विचारा. जुनी झालेली ओळ कुणी उलगडून सांगत नाही.

किमान शिल्लक ही रोजची नसून बहुतेक बँकांत महिन्याची सरासरी असते, हेही लक्षात ठेवा. समजा अट ५,००० ची आहे. तर रोजच्या शिलकीची तीस दिवसांची बेरीज १,५०,००० व्हायला हवी. ३०,००० पाच दिवस खात्यात राहिले आणि नंतर खातं रिकामं झालं, तरी अट पूर्ण होते. उलट ५,००० महिनाभर ठेवले आणि शेवटचे दोन दिवस हजारावर आले तर अट मोडते. म्हणून हळद-बेदाण्याच्या हंगामात भाड्याचे पैसे एकदम येतात तेव्हा ते खात्यात आठवडाभर पडू दिले तर त्या महिन्याची अट सोपी होते.

त्यापेक्षाही सोपं म्हणजे, अट नसलेलं खातंच वापरणं. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यावरचा हा दंड बंद केला, कॅनरा बँकेने जून २०२५ पासून, आणि त्यानंतर आणखी काही सरकारी बँकांनी. शिवाय कुठल्याही बँकेत मूलभूत बचत खातं उघडता येतं, त्याला किमान शिल्लक नसते आणि महिन्याला निदान चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. मात्र ज्या बँकेत तुमचं साधं बचत खातं आहे, तिथेच हे दुसरं ठेवता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर दुसऱ्या बँकेत असं एक खातं केवळ हप्त्यासाठी उघडलं असतं. त्याला यूपीआय जोडायचं नाही, कार्ड घ्यायचं नाही. रोजच्या भाड्यातून ३३० रुपये त्यात टाकत गेलं तर महिन्याला ९,९०० होतात आणि हप्ता सुटतो. ज्या दिवशी भाडं नाही, त्याचे दुसऱ्या दिवशी.

हे सगळं होईपर्यंत जुनं खातं बंद करू नका, यांना नीट समजावून सांगा. हप्त्याचा आदेश अजून त्याच खात्यावर आहे. खातं बंद झालं तर पुढचा हप्ता बाउन्सच होणार. आधी नव्या खात्याचा आदेश फायनान्स कंपनीत नोंदवा, नव्या खात्यातून एक हप्ता गेलेला बघा, मग जुन्याचा विचार करा.

ठेव मोडू नका. मॅनेजरसाहेबांनी सुचवलेली ओडी वाईट नाही, पण तिचा स्वभाव समजून घ्या. ठेवीवरच्या ओडीला ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज लागतं, आणि तेही जेवढे उचलले तेवढ्यावर, जितके दिवस उचलले तितकेच दिवस. तुम्हाला ५ एप्रिलला १,७३० कमी पडले होते. ९ टक्के धरले तर त्याचं दोन दिवसांचं व्याज एक रुपयासुद्धा होत नाही. त्या जागी बँक आणि कंपनी मिळून हजारावर गेले. तेव्हा हप्त्यापुरती सोय म्हणून ती घ्यायला माझी हरकत नाही. पण ४०,००० च्या ठेवीवर मिळेल तेवढी सगळी मर्यादा घेऊ नका, १०,००० ची घ्या. ओडीच्या खात्यात ॲपवर जी उपलब्ध रक्कम दिसते तिच्यात ही मर्यादा मिळवलेली असते. खात्यात स्वतःचे २,००० असतील तर १२,००० दिसतील, आणि दोन मोबाइलवर दोन माणसं ते आपलेच समजून खर्च करतील. एप्रिलमध्ये जे झालं ते पुन्हा होईल, फक्त या वेळी ठेव गहाण असेल. म्हणून आधी वही दोन महिने चालवून बघा, ओडी नंतर. घ्यायची ठरली तर तिच्यावर वार्षिक किंवा नूतनीकरणाचा आकार आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या.

राहिली तारीख. भाड्याचे पैसे आडत्यांकडून साधारण कधी हातात येतात ते यांना विचारा आणि ५ ऐवजी त्यानंतरची तारीख मिळावी असा अर्ज फायनान्स कंपनीत द्या. पुष्कळ कंपन्या तारीख बदलून देतात. मधल्या दिवसांचं थोडं व्याज लावतात, ते किती हे आधी कळून घ्या. तारीख बदलून मिळेपर्यंत ध्यानात असू द्या, यंदा ५ जुलैलाही रविवारच आहे. ते पैसे ३ तारखेच्या शुक्रवारी खात्यात हवेत, रोखीने किंवा यूपीआयने, चेकने नव्हे.